गरम आहे तोवर

बटाटे उकडले की आई कुकरचं झाकण पडायची वाट बघते, बटाटे ताटात पसरते आणि ताट पंख्याखाली ठेवून देते. "गार होऊ देत, मग सोल. चटका बसेल." बटाट्याबद्दल आमच्या घरात मिळालेला पहिला धडा हाच. पिवळी भाजी, वडे, पराठे, उपासाची भाजी, सगळ्याला गार बटाटा. गार झाला की साल सरळ निघते, फोडी नेटक्या पडतात, परतताना लगदा होत नाही. आईचं यात काही चुकत नव्हतं. म्हणूनच एसलिंगेनमधल्या एका स्वयंपाकघरात, पंचाहत्तरीच्या घरमालकीणबाईंनी उकळत्या पाण्यातून नुकताच काढलेला बटाटा माझ्यापुढे धरला आणि "आत्ता, लगेच" असं म्हटलं, तेव्हा माझा हात आपोआप मागे गेला.

एसलिंगेन हे जर्मनीच्या नैर्ऋत्येला, स्टुटगार्टच्या शेजारी, नेकार नदीच्या काठी वसलेलं जुनं गाव. लाकडी चौकटींची घरं, वर डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षांचे मळे. २००९ च्या शरदात मी भाषांतराच्या कामासाठी दोन वर्षांकरता तिथे गेले आणि एका घराची पोटमाळ्यावरची खोली भाड्यानं घेतली. जर्मन मी पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते. व्याकरण पक्कं होतं. पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई बोलायच्या ती श्वाबेन मुलुखाची बोली, आणि पहिले काही आठवडे त्यातलं मला निम्मंच कळायचं. जिना झाडायची पाळी कोणत्या आठवड्यात कोणाची, कचरा कोणत्या डब्यात, एवढ्यापुरतं आमचं बोलणं. त्यांनी एकदा विचारलं, तुम्ही मांस खात नाही का? नाही म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग शनिवारी खाली या. रस्सा भाज्यांचा करते."

त्या शनिवारी मी त्यांचं बटाट्याचं सॅलड पहिल्यांदा पाहिलं. सॅलड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काकडी-टोमॅटोच्या चकत्या यायच्या, फार तर लग्नाच्या पंगतीतलं मेयोनीजमध्ये बुडालेलं थंडगार काहीतरी. मेयोनीज घालतात ते जर्मनीच्या उत्तरेकडे. श्वाबेनमध्ये बटाट्याच्या सॅलडात मेयोनीज नाही, मलई नाही, अंडंही नाही. बटाटे, कढत रस्सा, व्हिनेगर, मोहरी, कांदा, मीठ, मिरी आणि तेल. आणि ते थंड खायचं नाही, कोमट खायचं. हे सगळं मला आज पाठ आहे, पण त्या दिवशी मी फक्त त्यांच्या हातांकडे बघत होते. डाव्या हातात एक छोटा काटा होता, त्याला त्रिकोणात बसवलेले तीन बारीक दाते. सालासकट उकडलेला गरम बटाटा त्या काट्यावर टोचायचा, उजव्या हातातल्या लहान सुरीनं साल ओढून काढायची. साल कागदासारखी पातळ निघत होती. एकाच कामासाठी केलेलं हे हत्यार. गरम बटाटा सोलायला घरात वेगळा काटा ठेवणारी माणसं गरमपणाला किती मानत असतील, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

सोललेल्या बटाट्याच्या त्या पातळ चकत्या करत होत्या, थेट भांड्यावर धरून. त्यांच्या बोलीत त्याला 'रेडले' म्हणतात, म्हणजे छोटी चाकं. आपल्याकडच्या काचऱ्याच त्या. मीही एक बटाटा घेतला. काटा माझ्याकडे नव्हता, बोटांनीच धरला, या हातातून त्या हातात टाकत, फुंकर घालत सोलला. बोटांची टोकं लाल झाली. बाईंनी स्वतःचा काटा माझ्यापुढे सरकवला आणि पुढचे बटाटे स्वतः फडक्यात धरून सोलले.

शेजारच्या शेगडीवर रस्सा उकळत होता. तिकडच्या बाजारात रस्स्यासाठी भाज्यांची बांधलेली जुडीच मिळते: गाजर, सेलरीचा कंद, लीक नावाची कांद्याच्या जातीची पात, पार्सलीच्या काड्या. घरोघर हाडं किंवा गोमांस घालून केलेला रस्साच वापरतात. माझ्यासाठी त्यांनी ती जुडी तासभर उकळत ठेवली होती. बारीक चिरलेला कांदा भांड्यात घेऊन त्यावर व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी घातली आणि तो उकळता रस्सा ओतला. कांद्याचा उग्रपणा त्या पाण्यात गेला. मग ते सगळं गरम काचऱ्यांवर. एक किलो बटाट्याला पाव लिटरच्या थोडा वर रस्सा, एकदम नाही, तीन वेळा. पहिल्यांदा ओतलं तेव्हा बटाटे पाण्यात तरंगताहेत असं वाटलं. मला वाटलं, प्रमाण चुकलं. पाच मिनिटांनी भांडं हलवून पाहिलं तर खाली थेंब नव्हता. बटाट्यांनी सगळं पिऊन टाकलं होतं. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायले. तेल मात्र त्यांनी हाताशी असून शेवटपर्यंत घातलं नाही.

का, ते मी विचारलं. त्यांनी भुवया उंचावल्या. आपल्याकडे पोळीला तेल का लावता असं कोणी विचारावं तसा तो प्रश्न असणार. "तेल आधी घातलं तर बटाटा बंद होतो," एवढंच त्या म्हणाल्या.

बंद होतो. हा शब्द माझ्या डोक्यात राहिला आणि पुढे मी त्याच्या मागे लागले, कारण मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. बटाट्यातला स्टार्च साधारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगतो, पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. अशा वेळी चकतीवर ओतलेलं पाणी आत शिरायला वाट मिळते. बटाटा गार व्हायला लागला की स्टार्चच्या लांब साखळ्या पुन्हा जवळ येऊन ओळीनं बसू लागतात आणि चकती आवळते. गार बटाट्यावर तोच रस्सा ओतला तर तो भोवती साचून राहतो, बटाटा आतून कोरडा आणि अळणीच राहतो. तेलाचंही तसंच. चकतीवर तेलाचं अस्तर बसलं की पाणी आत जात नाही. म्हणून आधी आंबट पाणी, मग तेल. आणि आंबट तरी कधी? बटाटा पूर्ण शिजल्यावर. आंबटाच्या संगतीत पेक्टिन विरघळायला तयार होत नाही, त्यामुळे व्हिनेगरच्या पाण्यात बटाटा कितीही उकळला तरी दडदडीत राहतो.

हे शेवटचं वाचलं तेव्हा मला आईचीच आठवण आली. डाळ शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही, बटाटा मऊ झाल्याशिवाय रश्शात टोमॅटो घालायचा नाही, हे ती मला हजारदा म्हणाली होती. आंबटाची वेळ दोघींना सारखीच ठाऊक होती. एकीनं गार होण्याची वाट बघितली, दुसरीनं बघितली नाही, एवढाच फरक.

मराठीत या सगळ्याला एक शब्द आहे, मुरणं. लोणचं मुरतं, दडपे पोहे नारळाच्या ओलाव्यात मुरतात, पाऊस जमिनीत मुरतो. जर्मनमध्ये बाई याला जे म्हणायच्या त्याचं शब्दशः भाषांतर 'ओढून घेऊ देणं' असं होईल. काम एकच, पण मुरणं या शब्दात मला संथपणा ऐकू यायचा. बरणी माळ्यावर ठेवायची, महिन्यानं उघडायची. इथे वीस मिनिटांचा मामला होता. बटाटा हाताला सोसवेना इतका गरम असतो तेव्हापासून तो कोमट होईपर्यंत, तेवढ्याच वेळात काय मुरायचं ते मुरतं.

मग आवाज. तेल घालून झाल्यावर त्यांनी लाकडी चमचा भांड्याच्या तळाशी घालून हळूच उलटला आणि मला खूण केली, ऐका. बटाट्याच्या कडा विरघळून रस्सा, तेल, मोहरी यांचा एक दाटसर रस झाला होता आणि चमचा फिरला की त्यातून ओला, मिटक्या मारल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज आला म्हणजे सॅलड झालं. कोरडं सॅलड फुस्स करतं, फार पातळ झालं तर पाण्यासारखं वाजतं. त्या पोताला श्वाबेन लोक 'श्लोन्त्सिग' म्हणतात. मी त्याला मराठी शब्द बरेच दिवस शोधला. लुसलुशीत म्हणावं तर ओल कमी पडते, गिळगिळीत म्हणावं तर अपमान होतो. आसट भात आणि वरण नीट कालवल्यावर बोटांना जो पोत लागतो, तो त्याच्या सगळ्यात जवळ आहे. अजून एका शब्दात मला ते सांगता येत नाही.

चव पहिल्या घासाला मला आंबट वाटली. दुसऱ्या घासाला आंबटाच्या मागून मोहरी आली, मग कांद्याची गोडी, आणि सगळ्याच्या तळाशी बटाटा. बटाट्याची स्वतःची चव मी त्याआधी कधी लक्ष देऊन घेतली होती असं मला आठवत नाही. आपल्याकडे तो हळद, मिरची, कढीलिंबाच्या पोटात असतो, आणि तिथेही सुखात असतो. इथे तो समोर होता.

त्या बोलीत बटाट्याला 'ग्रोम्बिरा' म्हणतात, जमिनीतलं नासपती. प्रमाण जर्मनमधला 'कार्टॉफल' हा शब्द इटालियनमधल्या ट्रफल नावाच्या भूछत्राच्या शब्दावरून आला. ऑस्ट्रियात म्हणतात 'एर्डआप्फल', भुईतलं सफरचंद. कोणालाच हे काय आहे ते कळलेलं नव्हतं, म्हणून जो तो ओळखीच्या गोष्टीचं नाव त्याला देत सुटला. बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत? मी सांगितलं, बटाटा. त्यांनी तो शब्द तीन-चारदा म्हणून पाहिला, त्यातले ट त्यांना आवडले. तो पोर्तुगीजांकडून आमच्या किनाऱ्यावर आला, आणि मुळात कॅरिबियन बेटांवर तो रताळ्याचा शब्द होता, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडेही नाव दुसऱ्याचंच. बटाटा सगळीकडे परकाच. श्वाबेनच्या आसपास तो आला तो धर्मासाठी आल्प्सच्या दऱ्यांतून हाकलल्या गेलेल्या वाल्डेन्सियन निर्वासितांबरोबर. १७०१ साली शोनेनबर्ग नावाच्या त्यांच्या वस्तीत तो लावला गेला, असं तिथे सांगतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून निघालेलं हे कंदमूळ आमच्याकडे एकादशीच्या ताटात जाऊन बसलं, याचं बाईंना फार नवल वाटलं. उपासाला बटाटा चालतो आणि कांदा चालत नाही, हे मी त्यांना समजावू शकले नाही. पण उपास हा शब्द त्यांना परका नव्हता, ते पुढे कळलं.

कोणता बटाटा, याबद्दल त्या काटेकोर होत्या. तिकडे जाळीच्या पिशवीवरच लिहिलेलं असतं: शिजल्यावर घट्ट राहणारा, मधला, की पिठूळ. सॅलडला घट्टच हवा, नाहीतर काचऱ्यांची पेज होते. त्यांचा आवडता वाण होता लिंडा. पिवळाधमक, लोण्यासारखा. या लिंडाची गोष्ट त्यांनी मला अशी सांगितली की जणू घरातल्या मुलीवर बेतलेलं संकट. १९७४ साली या वाणाला मान्यता मिळाली. तीस वर्षांनी, म्हणजे २००४ च्या अखेरीस, वाणावरचा मालकीहक्क संपून तो कोणालाही मोकळेपणानं लावता आला असता. त्याच्या ऐन तोंडावर हक्क असलेल्या कंपनीनं वाणाची नोंदणीच मागे घेतली. नोंदणी नसलेल्या वाणाचं बियाणं विकता येत नाही. लिंडा बाजारातून जाणार होती. शेतकरी उभे राहिले, बटाटे विकत घेणारी साधी माणसं उभी राहिली, 'लिंडाला वाचवा' अशी मोहीम झाली, काही जणांनी ती लावणं चालूच ठेवलं. २०१० मध्ये जर्मनीत तिला पुन्हा मान्यता मिळाली. मी तिथेच होते. बाईंनी ते वर्तमानपत्रातलं कात्रण फ्रिजच्या दारावर लावलं आणि पुढचा आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. एका बटाट्यासाठी माणसं सहा वर्षं भांडतात, हे मला फार थोर वाटलं, आजही वाटतं. बियाणं कोणाचं, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्याच्या दाराशीही आहे, पण आपण खाणारी माणसं त्याच्या बाजूनं कधी एवढी उभी राहिलो, ते मला आठवत नाही.

बटाट्याबद्दलची ही माया कुठून येते, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही बटाटे सोलता सोलता, वर न बघता. महायुद्धानंतरचा १९४६-४७ चा हिवाळा. त्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. शिधापत्रिकेवर मिळेल तेवढ्यात घर चालत नव्हतं. त्यांची आई घरातल्या पलंगपोसांची गाठोडी घेऊन आगगाडीनं वर श्वाबेनच्या पठारावर शेतकऱ्यांकडे जायची आणि बदल्यात बटाटे घेऊन यायची. एकदा गाडीत गाठोडं चोरीला गेलं आणि ती रिकाम्या हातानं परत आली. एवढं सांगून त्या थांबल्या. सालासकट उकडलेल्या बटाट्याची साल सर्वांत पातळ निघते, कच्चा सोलला तर सालाबरोबर बटाटाही जातो, हे त्या नेहमी म्हणायच्या. ते वाक्य मला त्यानंतर वेगळं ऐकू यायला लागलं. मी त्यांना बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. माझी आई तेव्हा नगर जिल्ह्यात होती, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या खाऊन दिवस काढलेली. मिलो चवीला कशी होती, असं त्यांनी विचारलं. आईला फोन करून मी विचारलं. आई म्हणाली, "खरखरीत. पण होती." मी ते भाषांतर करून सांगितलं. बाईंनी मान हलवली, त्यांना ते पुरतं समजलं होतं.

पहिल्याच वर्षीची, डिसेंबरची चोवीस तारीख. दुपारी दोननंतर गावातली दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात, परक्या माणसाला आपण परके आहोत हे त्या संध्याकाळी जितकं कळतं तितकं वर्षभरात कधी कळत नाही. बाईंचा मुलगा हँबुर्गला, तो सव्वीसला येणार होता. खालून हाक आली. टेबलावर मेणबत्त्या आणि बटाट्याचं सॅलड. त्यांच्यासाठी शेजारी दोन सॉसेज. नाताळच्या आदल्या रात्री जर्मनीत असंख्य घरांत हेच जेवण असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतका मोठा सण, आणि बटाटे? त्या म्हणाल्या, नाताळचा दिवस उजाडेपर्यंत जुन्या काळी उपास असायचा, त्या रात्री साधंच खायचं, बटाटे उपासाचे. मी हातातला काटा खाली ठेवला. तीन महिने मी त्यांना एकादशी समजावत होते.

जेवण झाल्यावर त्यांनी हात पुसला, माझ्यापुढे धरला आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. जर्मनमध्ये याचा अर्थ, आजपासून मला 'तू' म्हण. हे मोठ्यानंच सुचवायचं असतं, लहानानं नाही. आपल्यालाही तू आणि तुम्ही आहेच, त्यामुळे त्या हाताचं वजन मला कळलं. पण जीभ वळेना. आईला मी 'अगं तू' म्हणते, जन्मापासून. आईहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, आडनावानं हाक मारायच्या बाईला 'तू' म्हणायला माझ्या मराठी तोंडाला आठवडा लागला. मराठीत लिहिताना अजूनही मी त्यांना अहोजाहोच करते आहे, ते आपोआप होतं. जर्मनमध्ये मात्र त्या रात्रीनंतर त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. आंबट, गरम काहीतरी पोटात गेल्यावर ते झालं, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

२०११ च्या शरदात परत निघाले तेव्हा त्यांनी मला तो तीन दात्यांचा काटा दिला. लाकडी मूठ हाताच्या घामानं काळी झालेली.

पुण्यात तो काटा बरेच महिने खणात पडून होता, कारण इथे पहिला प्रश्न बटाट्याचाच. मंडईत जाळीवर काही लिहिलेलं नसतं. आपल्याकडचे बहुतेक वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे, म्हणून त्यांची नावं कुफरीपासून सुरू होतात, कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज, वेफर्ससाठी कुफरी चिप्सोना. विक्रेत्याला ही नावं क्वचितच माहीत असतात. पण "फुटणारा नको, काचऱ्यांचा द्या" म्हटलं की त्याचा हात बरोबर ढिगाकडे जातो. पुखराजमध्ये पाणी जास्त, पीठ कमी, तो बराच घट्ट राहतो. सगळ्यात उत्तम म्हणजे नवा बटाटा, साल बोटानं सुटते तो. शीतगृहातला जुना बटाटा गोड लागतो, कारण थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होते, आणि त्या गोडीपुढे आंबट उघडं पडतं. कुकर मी वापरत नाही. पातेल्यात, मीठ घातलेल्या पाण्यात, सालासकट, मंद आचेवर.

मोहरीची बाटली महाग आणि गोडसर निघाली. मग एके दिवशी आईच्या खलात काळी मोहरी कुटून, थोडं पाणी घालून फेसली, कैरीच्या लोणच्याला फेसतो तशी. मोहरी कोरडी असताना मुकी असते, पाणी लागलं की तिचा झणका उठतो आणि उष्णतेनं मरतो. म्हणून तीही रस्सा जरा निवल्यावर. नाकात जाणारा तो झणका एसलिंगेनच्या सॅलडात नव्हता. माझ्या सॅलडात आहे, आणि मला तो तिथलाच वाटतो. व्हिनेगरऐवजी लिंबू करून पाहिलं, चिंचेचं पाणीही. लिंबू फार लखलखीत लागतं, चिंच रंग मळवते. गोव्याहून येणाऱ्या मैत्रिणीनं माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणून दिलं, ते मऊ, किंचित गोडूस, बटाट्याशी जुळणारं. बटाटा आणि व्हिनेगर स्वयंपाकात रुजवण्यात पोर्तुगीजांचा मोठा हात, त्यामुळे तिथलं व्हिनेगर इथल्या बटाट्याला लागू पडावं हे मला योग्यच वाटलं. आणि होळीच्या दिवशी, पुरणाची डाळ उपसल्यावर राहिलेल्या कटातला एक वाटी कट आमटीआधी बाजूला काढते. रस्स्याच्या जागी तो वापरला तर सॅलडाला जो गुळगुळीतपणा येतो तो भाज्यांच्या पाण्याला कधी आला नाही. हे बाईंना फोनवर सांगितलं होतं. डाळीचं पाणी? त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं: गरम होतं ना?

२०१६ च्या मार्चमध्ये काळ्या किनारीचं पाकीट आलं. त्यांच्या मुलाच्या अक्षरातलं. पत्र छापील होतं, खाली त्यानं हातानं एकच ओळ लिहिली होती, की या नाताळला सॅलड त्यानं केलं होतं, मेयोनीजशिवाय.

आईनं पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिचं तोंड आंबलं. "आंबट बटाटा?" ती म्हणाली आणि वाटी बाजूला सारली. ते २०१२ असेल. आता तिच्या दाढा गेल्या आहेत, पोळी दुधात भिजवून खाते, तिखट सोसत नाही. गेल्या थंडीत तिनं स्वतःच विचारलं, ते तुझं जर्मन बटाट्याचं कधी करणार? मी बटाटे उकडायला ठेवले. काटा तिच्या हातात दिला. तिनं मूठ निरखली, तीन दात्यांवरून बोट फिरवलं आणि पहिला बटाटा टोचला. तिचे हात आता थरथरतात, पण काट्यावर टोचलेला बटाटा हलत नाही. साल लांब, पातळ निघत गेली.

"पंख्याखाली ठेवू का जरा?" मी विचारलं.

"आता कशाला," ती म्हणाली. "आण ते पाणी."

मी कांद्यावर रस्सा ओतला, मग काचऱ्यांवर. दोघी भांड्याकडे बघत बसलो. पाणी खाली उतरत गेलं. आईला हल्ली कमी ऐकू येतं. मी चमचा तळाशी घालून उलटला, तशी तिनं भांड्यावर वाकून माझ्याकडे बघितलं.

"आला का आवाज?"

"अजून नाही," मी म्हटलं आणि आणखी एक डाव ओतला.